‘घरचाच माणूस आहे, गप्प बसा’: पुरावा लपवणं आणि आरोपीला वाचवणं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजदारी वकिलाकडे आरोपी एकटा कधी येत नाही. बरोबर निदान दोन नातेवाईक असतात. आरोपी खाली मान घालून बसतो आणि बोलतात नातेवाईक. त्यांच्या बोलण्याची सुरुवात बहुतेक वेळा ‘आम्ही फक्त’ने होते. फक्त कपडे धुतले. फक्त मोबाइल विहिरीत टाकला. फक्त दोन दिवस मामाकडे ठेवला. या ‘फक्त’चं कायद्यात काय होतं, तेच पुढे सांगितलं आहे. प्रश्न अशिलांनी विचारलेले आहेत. कलमांचे आकडे भारतीय न्याय संहितेचे आहेत आणि गरज पडेल तिथे कंसात भादंविचे (जुन्या भारतीय दंड संहितेचे) आकडे दिले आहेत.

‘पुरावा नष्ट केला’ म्हणून लावतात ते कलम कोणतं?

न्याय संहितेचं २३८, म्हणजे जुनं भादंवि २०१. गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करणं आणि गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती देणं, ही दोन्ही याच कलमात येतात. त्याच्या आजूबाजूला एक अख्खी भावकी आहे: फरारीला आसरा देणं २४९ (२१२), न्यायालयात खोटी साक्ष २२७ व २२९ (१९१, १९३), कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं २४१ (२०४), पैसे घेऊन गुन्हा दडपणं २५० (२१३). पोलीस सहसा एकावर थांबत नाहीत. जी बसतील ती सगळी लावतात आणि कोणतं टिकतं ते खटल्यात ठरतं.

आमच्या केसमध्ये जुनी कलमं आहेत. पोलिसांची चूक झाली का?

बहुधा नाही. नवे तीनही कायदे, म्हणजे भादंविच्या जागी न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आणि जुन्या पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम, १ जुलै २०२४ पासून लागू झाले आणि घटना त्याआधीची असेल तर भादंविच लागतं. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, तो खटला जुन्याच कलमांखाली आहे. रक्ताचे नमुने बदलल्याचा आणि कुटुंबाच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचा आरोप त्यात आहे. आरोप अजून आरोपच आहेत, न्यायालयात ते सिद्ध व्हायचे आहेत. पण अपघाताचा गुन्हा एका बाजूला आणि तो झाकल्याचा गुन्हा दुसऱ्या बाजूला, हे सगळ्या महाराष्ट्राला त्या प्रकरणाने जितकं समजावलं तितकं आम्हा वकिलांना कधी जमलं नव्हतं.

२३८ लागायला नेमकं काय सिद्ध व्हावं लागतं?

मूळ गुन्हा खरोखर घडला होता. तो घडला हे तुम्हाला माहीत होतं, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण होतं. आणि तुम्ही जे केलंत ते गुन्हेगाराला शिक्षेतून वाचवण्याच्या हेतूने केलंत. तीनपैकी एक जरी सुटलं तरी कलम गळून पडतं.

पहिल्या मुद्द्याकडे लोकांचं लक्षच जात नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९५२ चा पलविंदर कौर विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आजही रोज उद्धृत होतो. पतीचा मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला होता आणि प्रेत ट्रंकेत भरून विहिरीत टाकलेलं सापडलं. ऐकणाऱ्याला वाटेल, आणखी काय पाहिजे? पण मृत्यू खुनानेच झाला, हे सरकार पक्षाला दाखवता आलं नाही. गुन्हा घडलाच नसेल तर लपवला कशाचा पुरावा? प्रेत लपवणं कितीही संशयास्पद असलं तरी संशय म्हणजे पुरावा नव्हे, असं म्हणून न्यायालयाने शिक्षा रद्द केली.

दुसरा मुद्दा माहितीचा. सकाळी मोलकरीण येते, फरशीवर डाग दिसतात, ती पुसून टाकते. तिला काहीच ठाऊक नाही, म्हणून हा गुन्हा नाही. तीच फरशी रात्री दोन वाजता फिनेल टाकून घरातल्यांनी धुतली, तर धुण्याची वेळच त्यांच्याविरुद्ध बोलायला लागते.

शिक्षा किती?

मूळ गुन्हा जेवढा मोठा, तेवढी झाकण्याची शिक्षा मोठी. मूळ गुन्ह्याला फाशी असू शकत असेल (उदाहरणार्थ खून), तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद असेल, तर तीन वर्षांपर्यंत आणि दंड. त्याहून कमी असेल, तर मूळ गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक चतुर्थांश, किंवा दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने मृत्यूला कलम १०६(१) खाली कमाल पाच वर्षं आहेत, म्हणजे त्याचा पुरावा लपवणाऱ्याला जास्तीत जास्त सव्वा वर्ष. चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे नऊ महिने.

२३८ जामीनपात्र आहे. हे ऐकून नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात, पण जरा थांबा. झाकाझाक आधीच ठरली होती असा संशय आला की पोलीस कटाचं किंवा मूळ गुन्ह्याचंच कलम जोडतात आणि मग जामिनाचा विषय पार वेगळा होतो.

मूळ आरोपी निर्दोष सुटला, तर आम्हीही सुटतो का?

आपोआप नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला, पण खून झाला हे मात्र सिद्ध झालं, तर लपवणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. खून झाला हेच सिद्ध झालं नाही, तर वर सांगितलेला १९५२ चा निकाल मदतीला येतो. आणखी एक गंमत म्हणजे ज्याने गुन्हा केला त्यालाही हे कलम लागू शकतं. १९५३ च्या कलावती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि सोबत असंही सांगितलं की, खून आणि पुरावा लपवणं या दोन्हींसाठी एकाच माणसाला शिक्षा सहसा देऊ नये. तरीही आपल्याकडे खुनाच्या दोषारोपपत्रात ३०२ च्या शेजारी २०१ नाही, असं क्वचितच दिसायचं. आता १०३ च्या शेजारी २३८ दिसतं.

मी आई आहे. मुलाला घरात ठेवलं, जेवू घातलं. हाही गुन्हा?

हा प्रश्न विचारताना बायका जवळजवळ नेहमी रडतात आणि उत्तर देणं मला कधीच सोपं गेलेलं नाही. होय, गुन्हा आहे. कायद्यात आसरा देणं म्हणजे फक्त निवारा नव्हे. अन्नपाणी, पैसे, कपडे, वाहन देणं, किंवा पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून कोणत्याही प्रकारे मदत करणं, हे सगळं त्यात येतं. अट एवढीच की त्याने गुन्हा केलाय हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, किंवा तसं वाटायला सबळ कारण असलं पाहिजे, आणि हेतू त्याला शिक्षेतून वाचवण्याचा असला पाहिजे. मूळ गुन्ह्याला फाशी असू शकत असेल, तर आसरा देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद.

कायद्याने सूट दिली आहे ती फक्त नवरा-बायकोला. पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला आसरा दिला तर २४९ लागत नाही. आई, बाप, भाऊ, बहीण, सासू यांना ती सूट नाही. आपल्याकडे आईच्या मायेबद्दल एवढं लिहिलं, गायलं जातं, पण कायदेमंडळाने ती इथे जमेस धरलेली नाही.

आणि ही सूट आसऱ्याच्या कलमांपुरतीच आहे. २३८ मध्ये नवरा-बायकोलाही सूट नाही. नवऱ्याला घरात ठेवलंत तर चालेल, पण त्याचा रक्ताचा शर्ट चुलीत घातलात तर तुम्ही आरोपी. हा फरक मी आजवर किती जणींना समजावला असेल, मोजलेलं नाही.

नवऱ्याने मला सांगितलेलं मी कोर्टात सांगावं लागतं का?

लग्न टिकून असताना नवरा-बायकोने एकमेकांना सांगितलेलं गोपनीय असतं. ज्याने ते सांगितलं त्याच्या संमतीशिवाय ते उघड करायची सक्ती करता येत नाही, आणि परवानगीही मिळत नाही (साक्ष्य अधिनियम, कलम १२८). मात्र त्यांचा एकमेकांविरुद्धचाच खटला असेल तर हे संरक्षण नाही. शिवाय संरक्षण आहे ते बोलण्याला, पाहिलेल्याला नाही. १९५४ च्या राम भरोसे खटल्यात बायकोने नवऱ्याला पहाटे छपरावरून उतरताना आणि आंघोळ करताना पाहिलं होतं. ते सांगता येतं, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. नवरा तिला जे बोलला, ते मात्र वगळलं.

सून गेली. पोलिसांना न कळवता अंत्यविधी उरकला. काय होईल?

ग्रामीण भागातून मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. घरातलं माणूस विष, फाशी, भाजणं किंवा पडणं अशा कारणाने जातं. ‘पोलिसांची कटकट नको’, ‘पोस्टमॉर्टेममध्ये देहाची विटंबना होते’, असं कोणीतरी वडीलधारं सांगतं आणि माहेरची माणसं पोहोचायच्या आत चिता पेटते. काही वेळा त्यामागे खरोखर लपवालपवी असते. काही वेळा नुसती भीती आणि लाज असते. अडचण अशी की दोन्हींची राख सारखीच दिसते.

चिता पेटली की गळ्यावरचा वळ, पोटातलं विष, नखांखालची कातडी, सगळं गेलं. नंतर माहेरचे हुंड्याची तक्रार करतात तेव्हा ‘आम्ही काही केलं नाही’ हे सांगायला तुमच्याकडेही काही उरत नाही. शवविच्छेदन अहवाल निर्दोष माणसाचा सर्वांत चांगला साक्षीदार असतो आणि तो लोक स्वतःच्या हाताने जाळून टाकतात.

याला आणखी एक बाजू आहे. खेड्यात अकस्मात, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर तो जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला ताबडतोब कळवणं हे गावच्या कारभारातल्या अधिकाऱ्याचंच नव्हे, तर गावात राहणाऱ्या प्रत्येकाचं कायदेशीर कर्तव्य आहे (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३४). प्रत्येकाचं, हा शब्द पुन्हा वाचा. महाराष्ट्रात पोलीस पाटलावर तर १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानेच ही जबाबदारी टाकली आहे. स्मशानात पुढे उभे असलेले पोलीस पाटील नंतर साक्षीदार होतात की आरोपी, हे त्यांनी त्या दिवशी फोन केला होता की नाही यावर ठरतं.

मी काहीच केलं नाही, फक्त गप्प बसलो. हाही गुन्हा आहे का?

दर वेळी नाही. ज्याच्यावर माहिती देण्याचं कायदेशीर बंधन आहे त्याने ती मुद्दाम दिली नाही, तरच कलम २३९ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंधन कोणत्या गुन्ह्यांसाठी आहे, त्याची यादी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. खून, सदोष मनुष्यवध, जबरी चोरी, दरोडा, खंडणीसाठी अपहरण, बनावट नोटा असे गंभीर गुन्हे त्यात येतात. कळवलं नाही तर त्याला वाजवी कारण होतं, हे तुम्हालाच दाखवावं लागतं. शेजाऱ्याने कोणाचा मोबाइल चोरला हे माहीत असून तुम्ही गप्प राहिलात, तर शेजारधर्म म्हणून लोक काही म्हणतील, पण कलम लागत नाही.

आणि मुलांवरचे अत्याचार?

तिथे गप्प बसायची मुभा कोणालाच नाही. पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने कळवायचंच. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्धची कारवाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा बहुतेक वेळा गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, अशा अर्थाचं मत नोंदवलं. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ हे कारण मी स्वतः शिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे. कायद्यात ते बचाव म्हणून कुठेही लिहिलेलं नाही.

अपघात मालकाच्या मुलाने केला. ड्रायव्हरने ‘मीच चालवत होतो’ म्हणून सांगितलं तर?

ड्रायव्हर स्वतःहून गुन्हेगार झाला. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती दिली म्हणून २३८, आणि घडलेल्या गुन्ह्याबद्दल जाणूनबुजून खोटी माहिती दिली म्हणून २४० (दोन वर्षांपर्यंत). ज्याने त्याला पैसे देऊन उभं केलं त्याला २५१, ज्याने घेतले त्याला २५०. टोल नाक्याचा सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन, सीटची उंची आणि एअरबॅगवरचे डाग यांच्यापुढे ही गोष्ट आता फार दिवस टिकत नाही. ड्रायव्हरला कोणीतरी ‘सहा महिन्यांत सोडवतो’ म्हणून सांगितलेलं असतं. सांगणारा नंतर फोन उचलत नाही.

घटनास्थळावरून गाडी हलवणंही महागात पडतं. दिल्लीच्या १९९९ च्या जेसिका लाल खून खटल्यात मुख्य आरोपीच्या दोन साथीदारांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यावर खुनाचा ठपका नव्हता, पुरावा नाहीसा करण्याच्या कटाचा होता. त्या कटाच्या मुळाशी होती एक टाटा सफारी.

व्हॉट्सअॅप चॅट डिलीट केलं, सीसीटीव्हीचा डीव्हीआर काढून ठेवला. चालतं का?

रोज रात्री सवयीने मेसेज पुसणारा माणूस गुन्हेगार नाही. पण घटना घडली, पोलीस येणार हे कळलं आणि मग पुसलं, तर तो पुरावा नष्ट करणं ठरू शकतं. न्यायालयात हजर करावी लागेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद ती वापरात येऊ नये म्हणून नष्ट केली, तर २४१ खाली तीन वर्षांपर्यंत. जुन्या २०४ मध्ये दोन वर्षं होती, नव्या कायद्याने एक वाढवलं. समोरच्याच्या फोनमध्ये चॅट शिल्लक असतंच. तुमच्या फोनमध्ये उरते ती फक्त पुसल्याची वेळ, आणि तीच तुमच्याविरुद्ध वापरतात.

पोलिसांपुढे खोटा जबाब आणि कोर्टात खोटी साक्ष, फरक काय?

पोलिसांनी घेतलेला जबाब शपथेवर नसतो आणि त्यावर तुमची सही घेत नाहीत. तो खोटा निघाला तर खोट्या साक्षीचं कलम लागत नाही. पण गुन्हेगाराला वाचवायला खोटं सांगितलं असेल, तर २३८ किंवा २४० येतंच. दंडाधिकाऱ्यासमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १६४) खाली दिलेला जबाब साक्षीदाराने शपथेवर दिलेला असतो. तो, किंवा पिंजऱ्यातली साक्ष, खोटी ठरली तर २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हणूनच दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदवायचा, अशी तरतूद आता आली आहे.

मग फितूर साक्षीदारांना शिक्षा होताना का दिसत नाही?

कारण तक्रार न्यायालयानेच करायची असते. पोलीस किंवा फिर्यादी थेट खटला भरू शकत नाहीत (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २१५ व ३७९). न्यायहितासाठी हे गरजेचं आहे असं न्यायाधीशाला वाटावं लागतं आणि समोर पाचशे खटले पडलेले असताना एका घाबरलेल्या पंचासाठी आणखी एक खटला उभा करायला कोण धजावणार? माझं मत विचाराल तर फितूर होणाऱ्यांतले निम्मे खोटारडे नसतात, घाबरलेले असतात.

तरी कधीतरी दांडका पडतो. २००२ च्या दंगलीतल्या हत्याकांडाच्या, वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार फिरले आणि सगळे आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला पुन्हा, आणि तोही मुंबईत, चालवायला लावला. तिथे फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. वारंवार जबाब बदलणाऱ्या मुख्य साक्षीदार जाहिरा शेख यांना मार्च २००६ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची कैद आणि पन्नास हजारांचा दंड झाला. धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना २०१८ खाली अर्ज करता येतो. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती त्यावर निर्णय घेते. खोटी साक्ष दे म्हणून धमकावणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे (कलम २३२), त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आरोपी स्वतः कोर्टात खोटं बोलला तर?

सगळे पुरावे झाल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. त्या जबाबात तो खोटं बोलला किंवा गप्प राहिला, तरी त्याबद्दल शिक्षा नाही. तो शपथेवर नसतो. मात्र स्वतःहून बचावाचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहिला, तर शपथ आली आणि शपथेबरोबर जोखीमही.

गावात मांडवली झाली, पैसे दिले-घेतले, विषय मिटला. आता?

गुन्हा कायद्याने आपसात मिटवता येण्याजोगा असेल, जसं साधी मारहाण किंवा शिवीगाळ, तर हरकत नाही. २५० आणि २५१ त्याला लागत नाहीत. खून, बलात्कार, दरोडा गावकीत मिटत नाहीत. तिथे पैसे घेणारा आणि देणारा दोघेही आरोपी, आणि मध्ये बसलेल्या पंचांनाही मदतनीस म्हणून ओढता येतं.

वकिलाला सगळं खरं सांगितलं तर तो पोलिसांना सांगेल का?

नाही. झालेल्या गुन्ह्याबद्दल तुम्ही जे सांगाल ते गोपनीय राहतं (साक्ष्य अधिनियम, कलम १३२). पण पुढच्या बेकायदा कामासाठी सल्ला मागितलात, म्हणजे ‘हा कोयता कुठे टाकू?’ असं विचारलंत, तर ते संरक्षण संपलं. एकदा एका अशिलाने पिशवीच टेबलावर ठेवली होती. आत काय आहे ते न पाहता मी त्याला पिशवीसकट बाहेर काढलं आणि मग उभ्या उभ्याच समजावलं.

पोलीसच लपवत असतील तर?

कोणाला वाचवण्यासाठी कायद्याचा आदेश मुद्दाम मोडणाऱ्या लोकसेवकाला २५५ खाली दोन वर्षांपर्यंत, आणि खोटा रेकॉर्ड तयार करणाऱ्याला २५६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधी पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, मग दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आम्ही आधीच काहीतरी करून बसलोय. आता काय करावं?

आणखी काही करू नका. दुसऱ्यांदा काही हलवलंत, धुतलंत, जाळलंत, तर पहिल्या वेळी घाबरून केलं हे सांगायची सोय जाते. वस्तू आहे तिथे राहू द्या. मग वकील गाठा, शक्य तर आरोपीपेक्षा वेगळा. कारण तुमचं हित आणि त्याचं हित आता एक राहिलेलं नाही, हे पचायला कठीण असलं तरी तसंच आहे. कपडे किंवा हत्यार पोलिसांकडे द्यायचं ठरलं तर पंचांसमोर पंचनाम्यानेच द्या, कोणा ओळखीच्या हवालदाराच्या हातात गुपचूप नको. गंभीर खटल्यात ज्याला गुन्ह्याची माहिती होती त्याला, सगळं खरं सांगण्याच्या अटीवर, न्यायालय माफीचा साक्षीदार करू शकतं (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३४३). काही लपवलंत असं सरकारी वकिलाने प्रमाणित केलं की ती माफी धोक्यात येते आणि मूळ गुन्ह्यासाठी खटला चालू शकतो. म्हणून जायचं असेल तर सगळं सांगायच्या तयारीनेच जा.